कड्याखालची जागा

टाइपरायटरवर चूक झाली की आम्ही काय करायचो, हे आता कुणाला सांगून खरं वाटत नाही. चुकलेल्या अक्षरावर पांढरी पट्टी धरायची, एक घर मागे यायचं, आणि त्याच जागी बरोबर अक्षर ठोकायचं. ओळीतलं बाकी काही हलत नसे. गोंदियाच्या बाजारात जिन्याखालच्या माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी एवढी एकच गोष्ट आयुष्यभर शिकवली. माझे विद्यार्थी तलाठी झाले, कोर्टात लागले, आणि एकीने तर रस्त्यापलीकडे, माझ्या नाकासमोरच स्वतःची इन्स्टिट्यूट काढली. तिची जास्त चालायची.

मग टाइपरायटर भंगारात गेले. हातगाडीवर एकावर एक रचून भंगारवाला त्यांना घेऊन निघाला, तेव्हा खड्ड्यात गाडी आदळली की मधूनच एखादी घंटा वाजायची, ओळ संपल्यावर वाजायची ती. मला दुकानात बसवेना. मी स्टेशनवर जाऊन बाकावर बसलो आणि गाड्या पाहत राहिलो. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कुणाला सोडायला गेला होता?"

त्यानंतर त्याच दुकानात कॉम्प्युटर ठेवून मी जो धंदा केला त्याला नाव नाही. पाटीवर मी 'फाईल दुरुस्ती' असं लिहून घेतलं, तर लोक फाटक्या पुठ्ठ्याच्या फायली घेऊन येऊ लागले. म्हणून आधी तो धंदा म्हणजे काय ते सांगतो.

कॉम्प्युटरमध्ये दोन जातींच्या फायली असतात. एक, माणसाने वाचायच्या. पत्र, अर्ज, पावती. दुसरी, यंत्राने वाचायच्या. फोटो, गाणं, मशीन चालवायची फाईल. ही दुसरी जात साध्या एडिटरमध्ये, म्हणजे लिहायच्या पाटीवर, उघडली तर नुसता गलबला दिसतो. चौकोन, टोप्या घातलेली अक्षरं, प्रश्नचिन्हं, आणि मधेच कुठेतरी एखादा ओळखीचा इंग्रजी शब्द, जत्रेत गावचा माणूस भेटावा तसा. लोक घाबरून बंद करतात. मी बंद करत नसे. दुपारी पंखा फिरतोय, रस्ता ओस पडलाय, काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांचा तो गलबला वर सरकतोय, आणि मी अर्धवट जागा, अर्धवट कुठेतरी. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारी त्याच.

एका राइस मिलचं यंत्र बसवायला आलेला नागपूरचा इंजिनिअर माझ्याकडे प्रिंट काढायला यायचा. त्याने मला तो काळ्या पडद्याचा एडिटर दिला. दिसायला दरिद्री, माऊसला जुमानत नाही. पण त्याला एक गोष्ट येते. फाईल जशी आहे तशीच उघड म्हटलं की तशीच उघडतो आणि आपलं शहाणपण त्यात घालत नाही. इतर एडिटर फार शहाणे असतात. शेवटी एक ओळ स्वतःहून जोडतात, न कळलेलं अक्षर बदलून टाकतात, आणि शून्य दिसलं की तिथे कोरी जागा ठेवतात. आपल्याला शून्य काय आणि कोरी जागा काय, दोन्ही रिकामीच. यंत्राला मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे काही करू नको. कोरी जागा हे एक अक्षर आहे, त्याचा एक आकडा आहे, आणि यंत्र तो आकडा इमानदारीने पाळतं.

बाकी सगळं टाइपरायटरसारखंच. आधी फाईलची नक्कल काढायची आणि मूळ प्रतीला हात लावायचा नाही. जुन्या अक्षराच्या डोक्यावरच नवं अक्षर मारायचं. मधे घुसवायचं नाही, मधलं काढायचं नाही. एक अक्षर जरी जास्त झालं तरी पुढचं सगळं एकेक घर सरकतं आणि यंत्राचा हिशेब चुकतो. कामठ्याला माझा भाऊ धान लावतो. त्याच्या शेतात प्रत्येक बांधीत, म्हणजे खाचरात, आपापलं पाणी असतं, आणि एका बांधीचा पाळ, म्हणजे बांध, फुटला की खालच्या सगळ्या बांध्यांचं पाणी बिघडतं. त्याला मी माझं काम एवढ्यावरच समजावलं होतं. तो म्हणाला, "मंग तू बी पाळच बांधून राहिला ना रे." वडील गेल्यापासून त्याने माझ्या कामाबद्दल काढलेला हा एकच चांगला उद्गार.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एका राइस मिलच्या सेठजींचं मशीन रोज सकाळी चालू केलं की पडद्यावर बनवणाऱ्याचं नाव दाखवायचं. सेठजी फाईल घेऊन आले. "मास्टरजी, मशीन मेरी, बिजली मेरी, और नमस्ते किसी और का?" मी नावाची जागा शोधली. जागा बेताची आणि सेठजींचं नाव लांबलचक, त्यात आडनाव आणि 'एंड सन्स'. म्हटलं, "सेठजी, नाम छोटा करना पड़ेगा." ते भडकले. "बाप ने रखा है, छोटा कैसे करूँ?" मग पंख्याकडे बघत त्यांनी हळूच नातीचं घरातलं नाव सांगितलं. ते बसलं, वर जागाही उरली. अजून ते मशीन रोज सकाळी गुड़ियाला नमस्ते करतं.

नागझिऱ्याच्या जंगलातला एक गाईड एकदा फोटो घेऊन आला. उघडत नव्हता. फोटोच्या फाईलचा माथा, म्हणजे सुरुवातीचा भाग, खराब झाला होता, त्याच कॅमेऱ्याच्या दुसऱ्या फोटोचा माथा घेऊन मी त्याला बसवला. फोटो उघडला. अर्धं रानकुत्रं आणि अर्धं गाईडचं स्वतःचं बोट. तो इतका खूश झाला की मी बोटाबद्दल काही बोललो नाही.

पण मला लिहायचं आहे ते फुलवंताबाईंबद्दल.

मोहफुलं वेचायचे दिवस होते. सकाळी बल्लारशाकडून येणाऱ्या गाडीने दोघी अर्जुनी मोरगावहून आल्या. पुढे वनिता, विशीतली, खांद्याला पर्स. मागे तिची आई फुलवंताबाई, पदर खोचलेला, कोपरापासून मनगटापर्यंत हात गोंदलेला, आणि मनगटावर जाड कडं. दोघींबरोबर मोहाचा वास दुकानात आला. ऐन हंगामात वेचणी सोडून आल्या होत्या, म्हणजे काम तसंच असणार.

वनिताने टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला आणि शेजारी एक कापडाचा तुकडा. ती अर्जुनीला बायकांच्या शिवण केंद्रात कशिद्याची कॉम्प्युटर मशीन चालवते. कापडावर काळ्या धाग्याचा गुंता होता. टाके तिरके धावत कडेला जाऊन गाठी झाले होते, कुणी झोपेत शिवल्यासारखे.

"का करून ठेवलं वो हे?" मी विचारलं.

"मी काईच नाई केलं जी," वनिता म्हणाली. "फक्त वरती जय सेवा लिवलं."

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू उलगडलं. आमच्या घरी कुठल्याही कागदाच्या माथ्यावर 'श्री' असतो, किराण्याच्या चिठ्ठीवरसुद्धा. त्या गोंड. त्यांच्या घरी तीच जागा 'जय सेवा'ची. भेटल्यावर तेच म्हणायचं, आणि नवं काम सुरू करताना माथ्यावर तेच लिहायचं. केंद्राच्या कॉम्प्युटरवर फाईल चुकून साध्या एडिटरमध्ये उघडली. कशिद्याच्या फाईलचा माथा वाचता येतो, त्यात डिझाइनचं नाव असतं, टाक्यांचा आकडा असतो. वनिताला वाटलं, हा कागदच आहे. तिने सगळ्यात वर, इंग्रजी अक्षरांत जय सेवा लिहिलं, एंटर मारला, सेव्ह केलं आणि श्रद्धेने मशीनला दिलं.

"दुसरी कॉपी?"

"एकच होती. नागपूरच्या ज्या दुकानातून बनवून आनली, ते दुकानच उचललं जी."

फाईल कशाची, हे मी विचारायच्या आधी फुलवंताबाईंनी आपला हात टेबलावर ठेवला. मांडला म्हणावं असा, पालथा, बोटं पसरून.

"याची," त्या म्हणाल्या.

त्यांच्या हातावर निळसर हिरवं गोंदण होतं. रेघा, फांद्या, ठिपक्यांच्या रांगा. वनिताचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं, आणि तिच्या हातावर एक ठिपकासुद्धा नव्हता. फुलवंताबाईंनी वर्षभर जीव खाल्ला होता तिचा, की गोंदून घे. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. "बिनागोदन्याची पोट्टी वरती गेली, तं आमची म्हनून तिले कोन ओरखन?" असं त्या मला विचारत होत्या, जणू वरच्या दारावर मीच बसलो होतो.

"मले सुईचा भेव लागते, मास्तरजी," वनिता म्हणाली.

"दिवसभर सुई चालवते अन् सुईले भेते!" फुलवंताबाई म्हणाल्या. "आयका."

शेवटी घरच्यांनी तोड काढली होती. आईच्या हातावरचं गोंदण जसंच्या तसं लग्नाच्या पोलक्याच्या बाहीवर उतरवायचं. दुकानदाराने फोटो काढून फाईल केली. फुलवंताबाई कशाबशा कबूल झाल्या होत्या, पण वर अट घालून. बाही झाली नाही तर मी मांडवात पाय ठेवणार नाही. आणि दोघींनी फाईल बिघडल्यापासून एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. दोघीही माझ्याशीच बोलत होत्या, एकाच बाकावर बसून.

वनिताने मग आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हटलं, "ते खरंच नाई येनार जी. तिनं म्हटलं का म्हटलं. मायशिवाय कसी लगन लावू मी?" आणि तिचे डोळे भरून आले. माझी मुलगी भिलाईला दिली आहे. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती.

मी नक्कल काढली आणि उघडली.

कशिद्याच्या फाईलमध्ये प्रत्येक टाक्याला तीन घरं असतात. पहिल्या दोन घरांत मिळून सुई किती बाजूला आणि किती वर-खाली सरकायची ते, आणि तिसऱ्यात टोचायचं की नाही ते. तीन, तीन, तीन, असं शेवटपर्यंत. माथ्यावर जय सेवा घुसलं आणि सगळं खाली सरकलं. यंत्र तिसऱ्या घराला पहिलं समजून चालायला लागलं. म्हणजे आधी ती अक्षरं काढायची. माझ्या धंद्यात खोडणं वर्ज्य, इथे खोडायचंच होतं. पण ते शब्द खोडताना हात थांबला. मी फुलवंताबाईंना विचारलं, "बाई, हे पुसू का?"

"पुसा नं जी. सेवा कराले सांगते ते, लिवाले नाई."

पुसलं. मग मला चैन पडेना. माथ्यात डिझाइनच्या नावासाठी खाना राखलेला असतो, त्यात बऱ्याच कोऱ्या जागा होत्या. त्या जागांवर मी जय सेवा ठोकलं, अक्षरावर अक्षर. काही हललं नाही. वनिता खुदकन हसली. ती पहिल्यांदा हसली.

पण चित्र पडद्यावर पाहिलं तर अजून वेडंवाकडंच. टाके आता कडेला पळत नव्हते, पण सगळं गोंदण वर चढत चाललं होतं, उदबत्तीच्या धुरासारखं. फांद्या लांबट, ठिपक्यांचे नुसते उभे ओघळ. मला कळलं काय झालं ते. त्या शहाण्या एडिटरने सगळी शून्यं खाऊन त्यांच्या जागी कोऱ्या जागा ठेवल्या होत्या. आणि टाक्यांच्या भाषेत कोऱ्या जागेचा अर्थ होतो, वर सरक. जिथे सुईने थांबायचं तिथे ती उडी मारत होती.

आता पंचाईत अशी, की काही कोऱ्या जागा मुळातल्याही होत्या. खरंच वर सरकायच्या. खोट्या आणि खऱ्या दिसायला अगदी सारख्या. कुठली कोणती, हे फाईल सांगणार नव्हती. ते एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, आणि ती जागा माझ्या टेबलावर पालथी पडली होती.

"बाई," मी म्हटलं, "हात असाच ठेवा. दिवस लागेल."

"ठेवतो," त्या म्हणाल्या. "अजून काय काम आहे मले."

तो दिवस मला नीट क्रमाने आठवत नाही. स्वप्न सांगायला गेलं की जसं मधलं मधलं हाती येतं, तसा येतो. मी आधी सगळ्या कोऱ्या जागांची शून्यं केली, तेव्हा चित्र दबून चपटं झालं. मग कोपरापासून सुरुवात केली. वनिता आईच्या हातावर बोट ठेवून सांगायची, मी पडद्यावर ती जागा शोधायचो, आणि जिथे रेघ खरोखर वर जात होती तिथे शून्यावर कोरी जागा मारायचो. एक टाका, दुसरा टाका. बाहेर ऊन चढत गेलं. चहा आला, गार झाला. वीज गेली आणि आली, आणि आम्ही कुणी उठलो नाही.

फुलवंताबाई हळूहळू बोलू लागल्या. सुरुवातीला माझ्याशी.

"हे मोहाचं झाड. यची फांदी वरती जाते, मास्तर, खाली नाई. मोह कदी खाली पाहते का?"

मी फांदी वर नेली.

"ह्या दोघी बहिनी. एकीमेकीले पाहून राहिल्या."

मला दोन त्रिकोण दिसत होते. मी ते एकमेकांकडे वळवले. मग केव्हा कोण जाणे, वनिताने विचारलं, "माय, अन् हे?" आणि फुलवंताबाईंनी तिलाच उत्तर दिलं. "ते बैलाची शिंगं वो. तुह्या आजानं गोदनारीले सांगतलं होतं, काढ म्हनून." बोलणं टाकलेलं आहे, हे दोघी विसरल्या होत्या. मी मान वर केली नाही. वर केली असती तर त्यांना आठवलं असतं.

डोळ्यांना झापड येत होती आणि मला वाटत होतं की मी आकडे बदलतच नाहीये. एखाद्या रानातून चाललोय आणि कुणी तरी पुढून सांगतंय, इकडे वळा, इथे थांबा. पडद्यावर झाड उभं राहिलं. बहिणी उभ्या राहिल्या. दुपार कलली तसे आम्ही मनगटाशी येऊन पोचलो.

मनगटाभोवती ठिपक्यांची एक ओळ होती, बांगडीसारखी गोल. फाईलमध्येही होती. शेवटचा ठिपका पडला की ओळ पुरी व्हायची. तो ठिपका मात्र फाईलमध्ये काठावरून तुटला होता, कुठली जागा खरी ते कळेना. हातावर बघावं तर तिथे कडं.

"बाई, कडं जरा वर सरकवा," मी म्हटलं.

फुलवंताबाईंनी हात मागे घेतला.

दिवसभरात पहिल्यांदाच. वनितानेही चमकून पाहिलं. "माय, सरकव नं. एकच ठिपका राहिला."

"असू दे. बाकीच्यावानीच आहे तो. तसाच काढा."

"तसा काढून देतो," मी म्हटलं, "पण पाहिला असता तर बरं झालं असतं."

पंखा फिरत राहिला. फुलवंताबाई आपल्या हाताकडे पाहत बसल्या, दुसऱ्या कुणाचा हात असावा तशा. मग त्यांनी कडं वर सरकवलं. ते सहज सरकलं नाही, थुंकी लावावी लागली. खालची कातडी उजळ होती, ऊन न पाहिलेली, लहान मुलीच्या अंगासारखी. तिथे ठिपका नव्हता. ओळ तिथवर येऊन थांबली होती.

म्हणजे नागपूरच्या त्या दुकानदाराने फोटोत कडं पाहिलं, आणि त्याखाली ठिपका असणारच असं धरून आपल्या मनाने टाकला होता. कुणीही टाकला असता.

"तुह्याएवढी नोहोती मी," फुलवंताबाई वनिताला म्हणाल्या. "लहान होती. गोदनारीनं सकारपासून सुया टोचल्या. दोघी बाया माह्या अंगावर बसल्या होत्या धरून. मी वरडली नाई, रडली नाई. शेवटचा ठिपका राहिला अन् मंग मले सहनच नाई झालं. अशी रडली, अशी रडली. तं माह्या मायनं गोदनारीचा हात धरला. म्हने, बस कर आता, पोर रडून राहिली माही."

त्यांनी कडं अजून थोडं वर ढकललं.

"सासरी गेली तं सासूनं पहिल्याच दिवशी हात पाहिला. अर्ध्या हाताची आनली म्हने. सारा जलम तेच आयकलं. मंग हे कडं घातलं. तुह्या बापाले बी दाखवलं नाई कदी." त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, मी माह्या मायवर लय राग केला. मरेपर्यंत केला. मले वाटे, एका ठिपक्यासाठी तिनं माही जिंदगी खराब केली."

वनिताने तो उजळ पट्टा अंगठ्याने हलकेच चोळला. मी उगाच की-बोर्डवरची धूळ फुंकत होतो.

फुलवंताबाई म्हणाल्या, "तुले भेव लागते म्हनत होती नं तू. अन् मी तुह्या अंगावर बाया बसवाले निंघाली होती." मग, जरा रागानेच, "बाही होओ का नाई होओ. मी येतो मांडवात. बस झालं."

वनिताच्या जिवावरचं टळलं होतं. पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून ती गेली असती तरी चाललं असतं. पण ती रडत रडत म्हणाली, "नाई. बाही करनच मी. पन मास्तरजी, तो ठिपका नका काढू. आजीनं जठी थांबवलं, तठीच थांबू द्या."

आता ठिपका खोडायचा म्हणजे त्याचे टाके फाईलमधून उडवायचे. ते चालत नाही. माथ्यावर टाक्यांचा आकडा लिहिलेला असतो, तो चुकतो, आणि ठिपक्यापर्यंत नेणारी वाट तुटली की सुईला पुढची जागा सापडत नाही. मी पहिल्यांदा ठिपका नीट केला, बाकीच्यांसारखा, पूर्ण. मग त्या ठिपक्याच्या प्रत्येक टाक्याच्या तिसऱ्या घरात गेलो, टोचायचं की नाही ते जिथे लिहिलेलं असतं तिथे, आणि त्यावर दुसरा आकडा मारला. टोचू नको. फाईल जेवढ्याची तेवढीच राहिली. मूळ आणि नक्कल शेजारी लावून सगळं ताडून पाहिलं, आणि संध्याकाळच्या गाडीने त्या दोघी गेल्या. कडं फुलवंताबाईंनी पुन्हा खाली केलं नाही, पदराच्या टोकाला बांधलं.

दुसऱ्या दिवशी मीही अर्जुनीला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. गाडीच्या खिडकीतून तलाव दिसत होते, कमी पाण्याचे, आणि मी मनात म्हणत होतो की मास्तर, फाईल दिली की आपलं काम संपतं, कशाला निघालास? पण राहवलं नाही.

केंद्रात बायकांनी मशीनभोवती गर्दी केली होती. वनिताने बाहीचं कापड चौकटीत ताणून बसवलं, निळा दोरा ओवला आणि बटण दाबलं. झाड आलं. शिंगं आली. बहिणी एकमेकींना पाहू लागल्या. एवढ्या वर्षांत मी दुरुस्त केलेलं काही माझ्या डोळ्यांसमोर असं उगवताना मी पाहिलं नव्हतं, आणि मला तिथे बसायला जागा दिली होती तरी मी उभाच होतो. मग मनगटाची ओळ सुरू झाली. ठिपका, ठिपका, ठिपका.

शेवटच्या जागेशी आल्यावर टाक्यांचा आवाज थांबला. सुई वर होती. चौकट तेवढी हलली, जरा इकडे, जरा तिकडे, ठिपक्याएवढ्या जागेत फिरली, आणि कापडाला न टोचता पुढे गेली. एका बाईने विचारलं, "दोरा तुटला का वो?" वनिताने नकारार्थी मान हलवली.

फुलवंताबाई मशीनकडे पाहतच नव्हत्या. त्यांनी केव्हापासून वनिताचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

"दुखलं का वो?" त्यांनी विचारलं.

"नाई, माय," वनिता म्हणाली. "नाई दुखलं."